एकाच गोमुखातून निघालेल्या नद्या, पण मासे वेगळे का?

प्रश्न असा आला आहे. एका विद्यार्थिनीने कृष्णा खोऱ्यातल्या नुक्ता या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच भागात सापडणाऱ्या, माशासाठी संगणकावर प्रसाराचं मॉडेल चालवलं. तापमान, पाऊस, उंची, उतार अशी माहिती त्यात भरली. तयार झालेल्या नकाशात घाटाच्या पलीकडे, सावित्री आणि वाशिष्ठीच्या खोऱ्यांतही 'अनुकूल' म्हणून गडद रंग उमटला. नोंदी मात्र सगळ्या कृष्णा खोऱ्यातल्या. मॉडेल चुकलं, सर्वेक्षण अपुरं पडलं, की तिसरंच काही कारण आहे, असं ती विचारते. आणि गोड्या पाण्यातला एखादा मासा एवढ्याच भागात का राहतो, हे मुळात कशावर ठरतं?

सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर मासे गोळा करण्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. त्यावरून आधीच सांगतो: मॉडेलने हिशोब बरोबर केला, पण तुम्ही त्याला निम्माच प्रश्न विचारला. 'हा मासा इथे जगू शकेल का?' एवढंच त्याला विचारलं गेलं. 'हा मासा इथवर कधी पोचू शकला असता का?' हा प्रश्न त्यात नव्हताच. प्रदेशनिष्ठ माशांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न आधी विचारावा लागतो.

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या एका गोमुखातून बाहेर पडतात, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडला. ती कृष्णा साधारण १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री कड्यावरून खाली कोकणात उतरते आणि शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. माणसाला या दोन पाण्यांमधलं अंतर चालत अर्ध्या तासाचंही नाही. माशाला मात्र पाण्यातूनच जायचं आहे. म्हणजे कृष्णेतून खाली उतरून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत, तिथून समुद्रातून कन्याकुमारीला वळसा घालून पुन्हा उत्तरेला बाणकोटपर्यंत. कार्प कुळातल्या माशाला समुद्राचं पाणी मानवत नाही, त्यामुळे ही वाट त्याच्यासाठी नाहीच. पक्षी डोंगर ओलांडतो, बेडूक पावसाळ्यात धार चढून पलीकडे जातो. माशासाठी जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचं पाणी वेगळं करणारी डोंगररांग, ही खरी भिंत असते. म्हणून माशांचा अभ्यास करताना मी जिल्ह्यांचा नकाशा घडी करून ठेवतो आणि खोऱ्यांचा नकाशा उघडतो. सातारा जिल्हा किंवा रायगड जिल्हा ही माशाच्या दृष्टीने निरर्थक एककं आहेत.

खाऱ्या पाण्याची सहनशक्ती हा त्यामुळे पहिल्या रांगेतला घटक ठरतो. गोव्यात आणि सिंधुदुर्गात आवडीने खाल्ली जाणारी काळुंदर घ्या. ती खाडीच्या मचूळ पाण्यात आरामात राहते, म्हणून एका नदीच्या मुखातून दुसऱ्या नदीच्या मुखात जाणं तिला शक्य आहे. केरळपासून गोव्याच्या खाड्यांपर्यंत तीच जात दिसते, त्यात नवल नाही. भारत-श्रीलंकेबाहेरचे तिचे सगळ्यांत जवळचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. हे नातं त्या भूभागाबरोबर तुटलं की नंतर कुणी समुद्र ओलांडला, यावर अजून वाद चालू आहे. ताटात येणाऱ्या माशामागे एवढा इतिहास असतो, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

आता भिंतीला पडलेल्या भगदाडांकडे येऊ. भिंत अभेद्य असती तर महाडजवळच्या वाळण कोंडीत महाशीर दिसला नसता. सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवरच्या या डोहातले मासे वरदायिनी देवीचे म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. लोक त्यांना हाताने चारतात, कुणी मारत नाही. हा महाशीर दख्खनी महाशीर म्हणून ओळखला जातो, आणि त्याच जातीचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं होतं. मग तो घाट ओलांडून कोकणात कसा आला?

याचं सगळ्यांत पटणारं स्पष्टीकरण नदीचौर्य हे आहे. कोकणकड्याची उभी चढण आणि पूर्वेकडचा मंद उतार डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला उतरणारे ओढे जोरात कोसळतात आणि आपल्या उगमाकडे डोंगर खात मागे सरकतात. असं सरकत सरकत एखादा ओढा पठारावरच्या पूर्ववाहिनी ओढ्याच्या माथ्याला भिडला, की तिथलं पाणी वळून कोकणात पडू लागतं आणि पाण्याबरोबर मासेही. हे एका रात्रीत घडत नाही, पण सह्याद्रीचा कडा लाखो वर्षं असाच मागे सरकत आला आहे. या मार्गाने कोण पलीकडे जातं, ते मात्र ठरलेलं असतं. जे मासे उगमाजवळच्या अरुंद, खळाळत्या पाण्यात राहतात तेच जातात. नुक्ता हा मोठ्या नदीच्या खडकाळ पात्रातला मासा आहे. ओढ्याचं डोकं चोरीला गेलं तेव्हा तो तिथे नव्हताच.

महाशिराच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लोणावळ्याला महाशिराची पैदास यशस्वी झाली आणि तिथली पिल्लं देशभरातल्या पाण्यांत सोडली गेली. त्यामुळे आज एखाद्या नदीत दख्खनी महाशीर दिसला तर तो मूळचा की आणलेला, हे जनुकीय तपासणीशिवाय ठामपणे सांगू नये. कावेरीत याचा परिणाम फार दुःखद झाला. तिथला कुबडा महाशीर जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात आहे. वजनाने पन्नास किलोच्या पुढे जाणारा हा मासा तिथे सोडलेल्या निळसर पंखांच्या दख्खनी महाशिरापुढे मागे पडत गेला. इतकी वर्षं लोक त्याला पकडत होते, फोटो काढत होते, पण त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त ठरला. चांगल्या हेतूने केलेलं काम चुकीच्या खोऱ्यात केलं की असं होतं.

कोकणातल्या शेजारशेजारच्या नद्यांमध्ये जे साम्य दिसतं, त्याला आणखी एक कारण संभवतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन खूप रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. ही जमीन उघडी पडली तेव्हा आज वेगवेगळ्या खाड्यांतून समुद्राला मिळणाऱ्या नद्या त्या मैदानावर एकमेकींना मिळू शकत होत्या. मग समुद्र वर आला, संगम बुडाले आणि नद्या पुन्हा सुट्या झाल्या. म्हणून कोकणातल्या नदीची तुलना करताना घाटावरच्या नदीइतकीच शेजारच्या खाडीची नदीही तपासावी.

याहून खोल इतिहासात शिरलं की सुंदरलाल होरांचं नाव घ्यावंच लागतं. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे हे संचालक. खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारे मासे आसाम-ब्रह्मदेशाकडे आणि थेट सह्याद्रीत आहेत, पण मधल्या भागात नाहीत, हे कोडं त्यांना पडलं होतं. हे मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेला आले आणि मग सह्याद्रीने दक्षिणेला उतरले, असा सिद्धान्त त्यांनी १९४०च्या दशकात जोरकसपणे मांडला. सातपुड्यात एवढं सलग, थंड, वाहतं पाणी कधी होतं याचा पुरावा भक्कम नाही, आणि आजच्या जनुकीय अभ्यासातून वेगवेगळे गट वेगवेगळ्या काळी वेगळे झालेले दिसतात. एका वाटेने एकदाच सगळे आले, हे मला पटत नाही. पण आजच्या हवामानावरून माशाचा नकाशा समजणार नाही, जुन्या वाटा शोधाव्या लागतील, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच खरा आहे.

सह्याद्रीच्या उत्तर आणि दक्षिण भागांतला फरकही असाच पाहावा लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या मूल्यांकनात पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या २९० जाती मोजल्या गेल्या, त्यांतल्या १८९ प्रदेशनिष्ठ. त्यांतली दाटी दक्षिणेत, केरळच्या नद्यांत जास्त. आपल्याकडचा सह्याद्री बेसॉल्टचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या लाव्हाखाली तेव्हाच्या नद्याच गाडल्या गेल्या. दक्षिणेतला खडक फार जुना आहे. तिथे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, त्यामुळे ओढे वर्षभर वाहते राहण्याची शक्यता जास्त. केरळात जांभ्या दगडाच्या पोकळ्यांतल्या भूजलात राहणारे मासेसुद्धा आहेत. कोट्टायमच्या विहिरींतून मिळालेल्या आंधळ्या माशाला १९५० साली होरांच्या सन्मानार्थ होराग्लॅनिस हे नाव दिलं गेलं. २०१९ साली तर जमिनीखाली राहणाऱ्या, मरळीशी दूरचं नातं असणाऱ्या एका माशाची नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी वेगळं कुळ करावं लागलं. जांभा आपल्या कोकणातही आहे. विहिरी उपसताना वर येणारा लहानसा, फिकट, डोळे नसलेला जीव कुणाला दिसला, तर तो फेकून देऊ नका, एवढी कळकळीची विनंती.

इतक्या वेळानंतर आता पाण्याच्या गुणांकडे येतो. ते महत्त्वाचे नाहीत असं नाही. इतिहासाने ज्यांना आत येऊ दिलं, त्यांच्यातून कोण टिकतो हे इथे ठरतं. नुक्त्याचंच पाहू. समजा, कसाही तो सावित्रीत पोचला. सावित्री कड्यावरून उतरून पोलादपूरला येते तेव्हाच जवळपास कोकणपातळीवर असते. तिथून वीसेक किलोमीटरवर महाड. महाड हे जुनं बंदर, म्हणजे भरतीचं पाणी तिथवर पोचतं. वर उभा धबधबा, खाली खारं पाणी, आणि मध्ये तेवढाच पट्टा. मोठ्या नदीत वावरणाऱ्या माशाला विणीसाठी, पिल्लांसाठी, उन्हाळ्यासाठी वेगवेगळ्या जागा लागतात. त्या सगळ्या एवढ्याशा लांबीत मिळणं कठीण. तुमच्या मॉडेलने प्रत्येक चौकोनाचं हवामान पाहिलं, पण तो चौकोन किती लांबीच्या नदीचा तुकडा आहे, हे त्याला माहीतच नव्हतं.

उत्तर सह्याद्रीत खरी कसोटी पावसाळ्यात नसून मार्च ते मे या महिन्यांत असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगर उतरून वाईला यावं तर हजाराच्याही आत. पण एवढा पडूनही तो चार महिन्यांत संपतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत बहुतेक ओढ्यांची साखळी तुटते, उरतात ते डोह आणि कोंडी. एरवी मैलभर पसरलेला मासा तेव्हा एखाद्या खोलीएवढ्या पाण्यात गोळा होतो. त्या डोहावर झाडांची सावली आहे का, तळाला झरा आहे का, त्यात कुणी ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग टाकला का, यावर पुढच्या वर्षीचा मासा ठरतो. माझ्या मते वार्षिक सरासरी पाऊस हा आपल्याकडच्या मॉडेलमधला सगळ्यांत फसवा आकडा आहे. त्याऐवजी ओढा किती महिने कोरडा असतो, हे गावात विचारून लिहिलं तरी जास्त उपयोगी पडेल.

मासे या कसोटीला कसे उतरतात, तेही पाहण्यासारखं आहे. आपला साधा मळ्या ओठामागच्या चकतीने दगडाला घट्ट धरतो आणि ओल्या खडकावरून सरकत धबधब्याच्या कडेने वर चढतो. म्हणूनच तो एका डोंगरापुरता न राहता दख्खनभर पसरला. मरळीच्या कुळातला लहान मासा हवेतून श्वास घेतो आणि ओल्या गवतातून एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. याउलट खडकांच्या फटीत, वाळू-गोट्यांच्या तळाशी राहणाऱ्या मुरीच्या जातीतल्या माशांना वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. त्यांचा एकेक डोंगर, एकेक ओढा वेगळा पडतो आणि वेगळी जात घडत जाते.

याचं डोळ्यांत भरणारं उदाहरण आंबोलीला आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडातून शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचं वर्णन २०२० साली झालं आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तो परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केला. हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आंबोलीच्या घाटाच्या कडेवरून पडणारं पाणी मात्र कोकणात जातं. एका गावात दोन समुद्रांचं पाणी! देवाचं पाणी म्हणून कुणी तिथे गाळ उपसला नाही, विष टाकलं नाही, म्हणून तो झरा आणि तो मासा आपल्या काळापर्यंत पोचले. प्रसाराच्या घटकांत श्रद्धा हा घटक मी गंभीरपणे धरतो. वैतरणेवरचं तिळसे (तिथलेही मासे देवाचे म्हणून राखलेले), महाडचं वाळण कोंड आणि आंबोली ही नावं एकत्र वाचली की त्याचं कारण कळेल.

आता ज्या घटकाने गेल्या शंभर वर्षांत सगळं उलटंपालटं केलं, त्याबद्दल. वीजनिर्मितीसाठी घाटावरचं पाणी कोकणात वळवण्याची सुरुवात खोपोलीला १९१५ साली झाली. मग भिवपुरी, मग भिरा. भीमेच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेत पडू लागलं. पुढे कोयनेचं पाणी वाशिष्ठीत आलं. आज कोलाडला उन्हाळ्यातही कुंडलिका भरलेली दिसते ती भिऱ्याच्या पाण्यामुळे. म्हणजे निसर्गाला नदीचौर्यासाठी लाखो वर्षं लागत होती, ते आपण बोगदा खणून केलं. या नद्यांत घाटावरची एखादी जात सापडली तर 'नैसर्गिक प्रसार' असं लिहिण्याआधी बोगद्याची शक्यता तपासा. तुमच्या नकाशात गडद झालेली वाशिष्ठी ही त्यांतलीच एक नदी आहे, हे विशेष लक्षात ठेवा. म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवण्याचा वाद आपण शेती आणि पिण्याच्या पाण्याच्या अंगाने वाचतो. तिथे पश्चिमेचं खोरं पूर्वेच्या खोऱ्याला जोडलं जाणार आहे, हे माशांच्या अभ्यासकाला दिसल्याशिवाय राहत नाही.

धरणं, तलावांत सोडलेले कटला-रोहू, १९५२ साली देशात आलेली चिलापी, आणि आता उजनीत जाळी फाडणारा हेलिकॉप्टर मासा, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. एवढंच सांगतो की कटला, रोहू आणि मृगल हे गंगेच्या मैदानातले मासे आहेत. बाजारात रोज दिसतात म्हणून त्यांना दख्खनचे मूळ रहिवासी समजू नये. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढायला लागतात, तेव्हा त्यांच्या वाटेत उभा राहिलेला लहानसा सिमेंट बंधारासुद्धा एखाद्या जातीचा वरचा निम्मा नकाशा पुसतो. मोठ्या धरणांची चर्चा होते, या बंधाऱ्यांची होत नाही.

शेवटचा अडसर नावांचा. प्रसाराचा नकाशा आधी नावावर उभा असतो. उजनीच्या पाणथळीतून १९९२ साली भीमेच्या नावाने एका माशाचं वर्णन झालं. पुढे तपासल्यावर तो साइक्सच्याच जुन्या जातीचा निघाला आणि एक प्रदेशनिष्ठ जात यादीतून गेली. उलटही होतं. पुण्याहून वर्णन झालेला एव्हझार्डचा लोच (मुरीच्या गटातला) मासा सगळ्या उत्तर सह्याद्रीत आहे असं मानलं जात होतं. जनुकं पाहिल्यावर त्या एका नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा दडलेल्या दिसल्या. साइक्सने कोळस, नुक्ता, मळ्या, फुलुंगी ही इथल्या मासेमारांच्या तोंडची नावं थेट शास्त्रीय नावांत घातली, त्याचा मला फार आनंद वाटतो. तीच नावं आजही नदीकाठी कामाला येतात. पण एकच नाव दोन गावांत दोन माशांना असू शकतं, म्हणून नमुना, फोटो आणि जनुकीय तपासणीसाठी पराचा (पंखाचा) तुकडा हे तिन्ही ठेवा.

तुमच्या कामासाठी सांगायचं तर मॉडेल टाकून देऊ नका, त्याची हद्द बदला. आधी कृष्णेच्या उपखोऱ्यांपुरतं चालवा, कारण नुक्ता इतिहासाने तिथवरच पोचू शकला असता. धरणांच्या जलाशयांतल्या नोंदी वेगळ्या काढा. कोरड्या महिन्यांचा आकडा घाला, नदीची सलग मोकळी लांबी घाला. मग जलविभाजकाच्या दोन्ही बाजूंना, सारख्या उंचीवर, सारख्या रुंदीच्या पाच-सहा जागा निवडा. जैवविविधता मंडळाची आणि वनखात्याची परवानगी आधी घ्या. नोव्हेंबरात पाणी निवळलं की पहिली फेरी, एप्रिलमध्ये दुसरी, तीही फक्त उरलेल्या डोहांवर आणि तिथे पाग (फेकजाळं) टाकण्याआधी गावाला विचारून. काठावरच्या वयस्क मासेमाराला नुक्त्याचा फोटो दाखवा, कपाळावरच्या टेंगळामुळे तो लगेच ओळखू येतो, आणि शेवटचा कधी पाहिला ते विचारा. जाळं रिकामं आलं तरी तारीख, जागा, जाळ्याचा आस (छिद्राचा आकार) आणि घालवलेला वेळ वहीत लिहा. सावित्रीतल्या रिकाम्या जाळ्यांची ती पानं हातात आली, की तुमच्या नकाशातला गडद रंग तिथे खरा आहे की नाही, हे आपण बसून ठरवू.